ओव्हरव्होल्टेज लॅच विनाकारण उडतो? मर्यादा वाढवण्याआधी हे मोजा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात स्पेशल पर्पज मशीनच्या पॅनलमध्ये २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) आहे. त्याला चालवणारा कंट्रोलर आयसी यूसी३८४२, आउटपुटवर टीएल४३१ने (व्होल्टेज मर्यादेशी ताडणारा आयसी) २७ व्होल्टला बांधलेलं ओव्हरव्होल्टेज संरक्षण, तिथून पीसी८१७ ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पलीकडे नेणारा) आणि प्रायमरी, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला दोन ट्रान्झिस्टरांचा लॅच, जो एकदा लागला की सप्लाय बंदच धरून ठेवतो. शेजारचा हायड्रॉलिक पॉवर पॅक सुरू झाला किंवा पॅनलमधला एखादा काँटॅक्टर सुटला, की कधीतरी सप्लाय एकदम गप्प होतो. एमसीबी पाडून मिनिटभर थांबलं की पुन्हा चालू होतो, जणू काही झालंच नव्हतं. कार्ड बदलून झालं, तरी तेच. आता २७ ची मर्यादा ३२ करावी की हे संरक्षणच काढून टाकावं, असं विचारलं आहे.

दोन्ही करू नका. ज्या दिवशी फीडबॅकचा, म्हणजे आउटपुट २४ वर धरणारा, ऑप्टो खरोखर मरेल, त्या दिवशी पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), सेन्सर आणि व्हॉल्व्ह कॉइल यांना वाचवणारं दुसरं काहीच त्या पॅनलमध्ये नसेल. संरक्षण नको तिथे उडतं, तेव्हा बहुतेक वेळा त्याची मर्यादा चुकलेली नसते. त्याला वेळेचं भान दिलेलं नसतं. दोष खरा असेल तर तो काही ठरावीक वेळ टिकतो आणि ठरावीक वेगाने वाढतो. काँटॅक्टरचा झटका मायक्रोसेकंदांत संपतो. या दोन वेळांच्या मधली जागा गणिताने शोधायची आणि संरक्षणाचा विलंब तिथे बसवायचा, एवढंच हे काम आहे. हा विलंब मात्र प्रत्येक संरक्षणाला वेगळा लागतो. काहींना तर अजिबात देता येत नाही.

आधी कोण उडालं ते ओळखा. सप्लाय बंद पडण्याच्या पद्धतीवरून बरंच कळतं. टिक-टिक आवाज करत सारखा उठून बसत असेल, तर कंट्रोलरची व्हीसीसी (त्याची स्वतःची वीज) पडते आहे किंवा ओव्हरलोडचं हिकप, म्हणजे बंद होऊन पुन्हा उठून पाहणं, चाललं आहे. लाइट डीम होऊन परत आली आणि सप्लायही आपोआप आला, तर इनपुट कमी पडलं. तुमचा सप्लाय पूर्ण गप्प बसतो आणि मिनिटभर एमसीबी पाडल्याशिवाय उठत नाही, म्हणजे लॅचच लागला आहे. मिनिटभर का? स्टार्ट-अप रेझिस्टर मेन्सची वीज साठवणाऱ्या बल्क कपॅसिटरवरच्या सुमारे ३२५ व्होल्टमधून लॅचला थोडा प्रवाह देत राहतो, आणि लॅच धरून ठेवायला तेवढा पुरतो. बल्क उतरेपर्यंत लॅच सुटत नाही. ऑपरेटर अर्ध्या सेकंदात एमसीबी पाडून उचलतो आणि ‘कार्ड गेलं’ म्हणतो. अनेक चांगली कार्डं अशीच भंगारात जातात.

लॅच लागला हे ठरलं, तरी त्याला कुणी लावलं हे अजून ठरायचं आहे. स्कोपचे दोन चॅनल घ्या. एक २४ व्होल्ट आउटपुटवर, दुसरा ओव्हरव्होल्टेजच्या टीएल४३१च्या कॅथोडवर. दोन्ही सेकंडरी बाजूला आहेत, त्यामुळे ग्राउंड सामाईक चालतो. प्रोबची लांब काळी वायर काढून टोकाजवळची स्प्रिंग वापरा, नाहीतर हवेतलाच नॉइज पडद्यावर दिसेल. ट्रिगर सिंगल शॉटवर ठेवून वाट पाहा. कॅथोड खाली आला आणि आउटपुटही खरंच चढलं, तर टीएल४३१ खरं बोलतो आहे. कॅथोड आला पण आउटपुट स्थिर, तर डिव्हायडरमध्ये, म्हणजे टीएल४३१ला आउटपुटचा हिस्सा देणाऱ्या रेझिस्टरच्या जोडीत, नॉइज घुसतो. कॅथोड हललाच नाही आणि तरी सप्लाय मेला, तर गडबड प्रायमरीच्या लॅचमध्येच आहे. हे तीन वेगवेगळे आजार आहेत आणि तिघांचं औषध वेगळं आहे. एवढं न पाहता जागोजागी ०.१ मायक्रोफॅरड लावत सुटलात, तर एखादा लागू पडेलही, पण का ते कळणार नाही.

प्रायमरी बाजूला काही पाहायचं असेल, तर डिफरन्शियल प्रोबच वापरा. स्कोपची अर्थिंग तोडून काम भागवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. त्यात स्कोपची पूर्ण बॉडी ३२५ व्होल्टच्या सर्किटला जोडली जाते. याने माणसं मेली आहेत. ते करू नका.

पहिला आजार घेऊ, म्हणजे आउटपुट खरंच चढतं तो. इथे पॉवर सप्लायला दोष देण्याआधी लोड पाहा. त्याच २४ व्होल्टवर डीसी गिअर मोटर असेल, तर ती ब्रेक घेताना जनरेटर बनते आणि बस वर ढकलते. मग मोटरला वेगळा सप्लाय द्या, किंवा तिच्या शाखेत ब्लॉकिंग डायोड टाकून मोटरच्या बाजूला ऊर्जा खाणारा रेझिस्टर किंवा टीव्हीएस (झटका गिळणारा डायोड) द्या. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे आउटपुट व्होल्टेज कमीजास्त करणारा पॉट. लांबच्या वायरमधली घट भरून काढायला कुणीतरी तो २५.५ व्होल्टवर नेलेला असतो. मोठा लोड एकदम सुटला की दीड व्होल्टचा ओव्हरशूट येतो आणि आपण २७ ला टेकतो.

२७ हा आकडा आला कुठून, तेही बघा. टीएल४३१ दोन टक्क्यांचा आणि डिव्हायडरचे दोन्ही रेझिस्टर एक टक्क्याचे असतील, तर सगळं उलट जुळल्यावर साधारण पावणेचार टक्क्यांची चूक होते. म्हणजे २७ चं संरक्षण एखाद्या कार्डात २६ ला उडेल. आता वरची बाजू. पीएलसीचा २४ व्होल्ट इनपुट सामान्यतः उणे १५ ते अधिक २० टक्के, म्हणजे २०.४ ते २८.८ व्होल्टचा असतो आणि रिपलसह ३० पर्यंतचं शिखर धरलेलं असतं. त्यामुळे वाईटात वाईट कार्डसुद्धा ३० च्या आत उडालं पाहिजे आणि वाईटात वाईट कार्डाने नेहमीच्या ओव्हरशूटला उडता कामा नये. मी २८.५ घेईन. चुकीसह ते साधारण २७.४ ते २९.६ च्या दरम्यान पडतं. मर्यादा थोडी वाढली, हे खरं. पण ती या हिशोबाने वाढली, ट्रिप फार होतात म्हणून नव्हे. ३२ मात्र या हिशोबात कुठेच बसत नाही.

आता वेळ. समजा फीडबॅक तुटला, लोड जवळजवळ नाही आणि सप्लाय आपली सगळी ताकद, म्हणजे धरा १५० वॅट, आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये ओततो आहे. आउटपुटला एकूण २००० मायक्रोफॅरड असतील, तर २४ वरून ३० व्होल्टला जायला लागणारी ऊर्जा अर्धं गुणिले ०.००२ गुणिले (९०० वजा ५७६), म्हणजे ०.३२४ जूल. १५० वॅटने ती भरायला सुमारे २.२ मिलिसेकंद लागतात. ३० च्या जवळ चढण्याचा वेग मिलिसेकंदाला अडीच व्होल्ट आहे. म्हणजे १०० मायक्रोसेकंदांच्या फिल्टरने व्होल्टेज फक्त पाव व्होल्टने जास्त चढतं आणि २९.६ वाला वाईट नमुनाही ३० च्या आत राहतो. काँटॅक्टर सुटतानाचे झटके याच्यापुढे अगदी छोटे. आयईसी ६१०००-४-४ च्या बर्स्ट (झटक्यांच्या माळेच्या) चाचणीतला एक झटका ५ नॅनोसेकंदांत चढतो आणि ५० नॅनोसेकंदच टिकतो.

दुसऱ्या आजाराचं, म्हणजे डिव्हायडरमध्ये घुसणाऱ्या नॉइजचं, औषधही हाच फिल्टर. तो टीएल४३१च्या रेफरन्स पायावर द्यायचा. खालचा रेझिस्टर १ किलो-ओहम, वरचा १०.४ किलो-ओहम, आणि रेफरन्स ते अ‍ॅनोड ०.१ मायक्रोफॅरड. दोन्ही रेझिस्टर समांतर धरले की सुमारे ९१० ओहम, म्हणजे टाइम कॉन्स्टंट ९० मायक्रोसेकंदांच्या आसपास. वीज वाचवायला कुणीकुणी इथे १०० किलो आणि १० किलोची जोडी लावतं. मग रेफरन्स पायाचा दोन ते चार मायक्रोअँपिअरचा प्रवाहच वरच्या रेझिस्टरवर ०.२ ते ०.४ व्होल्ट खातो, आणि उच्च रोधामुळे नॉइज घुसतो तो वेगळाच. कपॅसिटर आयसीच्या पायाला चिकटून हवा. दोन इंच ट्रॅक ओढून लावलेला कपॅसिटर त्या वेगाच्या झटक्याला नसल्यासारखाच.

एक बारीक गोष्ट इथे सारखी चुकते. झटका ओळखणाऱ्या वाटेत डायोड असेल आणि त्यामागे कपॅसिटर, तर तो फिल्टर राहत नाही, शिखर साठवणारा डबा होतो. बर्स्ट चाचणीत ५ किलोहर्ट्झने झटके येतात, म्हणजे दर २०० मायक्रोसेकंदांनी एक, आणि एक बर्स्ट १५ मिलिसेकंद चालतो. एकेक झटका निरुपद्रवी असला, तरी डबा थोडाथोडा भरत शेवटी लॅच लागतो. काँटॅक्टरच्या कॉइलनेही नेमकं असंच होतं, कारण संपर्क उघडताना ठिणगी अनेकदा विझते आणि पेटते. कपॅसिटरला भरण्याइतकीच रिकामं होण्याची वाट द्या.

टीएल४३१ आणि ऑप्टोच्या एलईडीचंही पाहा. मर्यादेच्या थोडं आधीच टीएल४३१ काही शे मायक्रोअँपिअर ओढू लागतो. तेवढ्यात ऑप्टो मिणमिणतो. एलईडीला समांतर १ किलो-ओहम लावला की पहिला एक मिलिअँपिअर त्यातून निघून जातो आणि एलईडी खऱ्या दोषालाच पेटतो. हा पैशाच्या भावाचा रेझिस्टर कित्येक कार्डांवर नसतो.

तिसरा आजार, म्हणजे प्रायमरीचा लॅच स्वतःच लागणं, मला जुन्या कार्डांत सगळ्यात जास्त दिसला आहे. पीएनपी आणि एनपीएनची जोडी एकमेकांच्या बेसला धरते. बेस-एमिटरला रेझिस्टर नसेल, किंवा १०० किलोसारखा असेल, तर ती हवेच्या झुळुकेनेही लागते. १०० किलोवर ०.६ व्होल्ट यायला फक्त ६ मायक्रोअँपिअर पुरतात. एप्रिल-मे महिन्यात सातपूर-अंबडच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाहेर चाळिशीचा पारा असतो, पॅनलच्या आत त्याहून बरंच जास्त. त्या उष्णतेत ऑप्टोचा अंधारातला गळती प्रवाह चांगलाच वाढतो. ‘उन्हाळ्यात दुपारीच उडतो’ ही तक्रार बऱ्याचदा इथली असते. एनपीएनच्या बेस-एमिटरला ४.७ किलो-ओहम आणि १० नॅनोफॅरड द्या. पीएनपीलाही तसाच रेझिस्टर द्या. खरा दोष असेल तेव्हा ऑप्टो काही मिलिअँपिअर देतो, त्याने तो कपॅसिटर क्षणात भरतो, त्यामुळे संरक्षण मंदावत नाही. जोडीऐवजी छोटा एससीआर असेल, तर त्याच्या गेट-कॅथोडला हाच उपाय. लॅचचा ग्राउंड मात्र कंट्रोलरच्या ग्राउंड पायापाशी न्या. तो मॉसफेटच्या सेन्स रेझिस्टरच्या वाटेवर जोडला, तर प्रत्येक स्विचिंगला लॅचची जमीनच हलते.

कार्डाला हात लावण्याआधी नॉइजचा उगम गप्प करणं सर्वांत स्वस्त. २४ व्होल्ट डीसीच्या प्रत्येक कॉइलवर, रिले असो वा व्हॉल्व्ह, १एन४००७ डायोड कॉइलच्याच टर्मिनलवर, पीएलसीच्या टोकाला नव्हे. डायोडने कॉइल उशिरा सुटते, त्यामुळे ब्रेक किंवा लवकर बंद व्हायला हवा असा व्हॉल्व्ह असेल, तर डायोडसोबत झेनर किंवा टीव्हीएस वापरा. २३० व्होल्ट एसीच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-टू वर्गाचा कपॅसिटर यांचा स्नबर (झटका दाबणारी जोडी). मोटरच्या आणि व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबली ज्या डक्टमधून जातात, त्यातून २४ व्होल्टच्या वायरी नेऊ नका. पॅनलवाल्याला हे सगळं ठाऊक असतं, पण जागा कमी पडली की पहिली काट इथेच बसते.

तुमच्या प्रश्नात शेजारच्या पॉवर पॅकचा उल्लेख आहे, म्हणून व्होल्टेज पडण्याबद्दलही सांगतो. थेट लाइनवर सुरू होणारी इंडक्शन मोटर आपल्या पूर्ण लोड प्रवाहाच्या साधारण सहा-आठ पट प्रवाह ओढते आणि वेग घेईपर्यंत ओढत राहते. त्या वेळात २३० चे १८० होऊ शकतात. पिंपळगाव बसवंत किंवा दिंडोरीच्या बाजूला फीडरच्या टोकाला द्राक्षांची प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोअर आहेत, तिथे कॉम्प्रेसर उठताना हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. १२० वॅट आउटपुट, ८५ टक्के कार्यक्षमता, म्हणजे इनपुट १४१ वॅट. बल्क २२० मायक्रोफॅरड, आणि सप्लाय २०० व्होल्ट डीसीपर्यंत काम करतो असं धरा. लाइन २३० असताना शिखर ३२५. साठ्यातून मिळणारी ऊर्जा ७.२ जूल, म्हणजे ५१ मिलिसेकंद तग. लाइन १८० असताना शिखर २५४, हाती फक्त २.७ जूल, म्हणजे १९ मिलिसेकंद. पन्नास हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. आता त्याच बल्कचे जुनेपणाने १५० मायक्रोफॅरड झाले असतील, तर उरले १३. पावसाळ्याच्या तोंडावर फीडर क्षणभर पडून परत चढतो, तेव्हा चांगले वाटणारे सप्लाय का झोपतात, ते या आकड्यांत आहे.

पण दोन-तीन सेकंद टिकणारी पडझड कुठलाही बल्क कपॅसिटर भरून काढत नाही. तिथे ९० ते २६४ व्होल्टवर पूर्ण लोड देणारा सप्लाय हवा, किंवा २४ व्होल्टवरच बॅटरीचा डीसी यूपीएस. आणि सप्लायवर खापर फोडण्याआधी काँटॅक्टर तपासा. आयईसी ६०९४७-४-१ प्रमाणे एसी कॉइलचा काँटॅक्टर कॉइलच्या व्होल्टेजच्या ७५ ते २० टक्के या पट्ट्यात कुठेही सुटू शकतो. बऱ्याचदा सप्लाय जिवंत असतो आणि २३० ची कॉइल आधी सुटलेली असते.

जुन्या कार्डात व्हीसीसीचा छोटा इलेक्ट्रोलायटिक सर्वांत आधी बदला. यूसी३८४२ साधारण १६ व्होल्टला सुरू होतो आणि १० ला बंद. व्हीसीसी १४ वर चालत असेल, आयसी आणि गेट मिळून १५ मिलिअँपिअर घेत असतील, तर ४७ मायक्रोफॅरडला १४ वरून १० वर यायला साडेबारा मिलिसेकंद लागतात. लोड एकदम सुटला की कंट्रोलर पल्स गाळतो, सहायक वाइंडिंग तेवढा वेळ काही देत नाही, आणि एवढ्याच पुंजीवर निभवायचं असतं. वाळून १५ मायक्रोफॅरड उरला, तर ४ मिलिसेकंदांत खेळ संपतो. हा कपॅसिटर हमखास हीट सिंकला खेटून बसवलेला असतो. १०५ अंशांना २००० तासांचा कपॅसिटर ७५ अंशांवर सुमारे १६,००० तास जातो, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या मशीनवर दोन वर्षंही नाही. जास्त तासांचा घ्या आणि शक्य असेल तर दूर बसवा.

करंट लिमिटला मात्र वेळ देऊ नका. यूसी३८४२च्या करंट सेन्सची मर्यादा १ व्होल्ट आहे. मॉसफेट चालू होताना तिथे एक टोकदार शिखर येतं, ते गाळायला १ किलो-ओहम आणि ४७० पिकोफॅरड, म्हणजे अर्धा मायक्रोसेकंद, पुरे. त्याहून मोठा कपॅसिटर लावून ट्रिप थांबवली, तर शॉर्ट झाल्यावर मॉसफेट जातो. सुरुवातीला जास्त प्रवाह मागणाऱ्या लोडसाठी वेगळा, संथ ओव्हरलोड टायमर असावा आणि त्यानंतर हिकप, कायमचा लॅच नको. अंडरव्होल्टेजचा कम्पॅरेटर, उदाहरणार्थ एलएम३९३, असेल तर हिस्टरेसिस, म्हणजे लागण्याच्या आणि सुटण्याच्या पातळीत थोडं अंतर, द्या. रेफरन्सकडून १० किलो आणि आउटपुटकडून १ मेग, ५ व्होल्टच्या पुलअपवर सुमारे ५० मिलिव्होल्ट मिळतात. अडीच व्होल्टच्या रेफरन्सवर दोन टक्के, तेवढे बहुतेक ठिकाणी पुरतात.

दुरुस्तीनंतर चाचणी कशी करायची? बर्स्ट जनरेटर सगळ्यांकडे नसतो. एका काँटॅक्टरची कॉइल त्याच्याच एनसी (एरवी जोडलेल्या) संपर्कातून जोडा, स्नबर न लावता. तो थरथरत राहील आणि भरपूर नॉइज करेल. त्याची वायर २४ व्होल्टच्या वायरींसोबत मीटरभर बांधून, पूर्ण लोडवर आणि रिकाम्या लोडवर, अर्धा-अर्धा तास चालवा. सप्लाय टिकला तर अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे आणि तेच बहुतेक जण गाळतात. संरक्षण खऱ्या दोषाला अजून उडतं का, ते बघायचं. पीएलसी आणि सगळं लोड काढा, फक्त ४७ ओहम ५० वॅटचा रेझिस्टर ठेवा, सप्लायला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरून वीज द्या, फीडबॅकच्या ऑप्टोचा एलईडी उघडा करा आणि चालू करताना आउटपुट स्कोपवर पकडा. शिखर ३० च्या आत राहून लॅच लागला पाहिजे. मग कार्ड हॉट एअर गनने ७० अंशांपर्यंत गरम करून पुन्हा. मग आउटपुट शॉर्ट करून बघा. तिन्ही वेळा बरोबर उडालं, तरच कार्ड पॅनलमध्ये चढवा, आणि शिखराचे आकडे पॅनलच्या ड्रॉइंगवर लिहून ठेवा.

शेवटी, लॅच काढून आपोआप उठणारं संरक्षण करण्याचा मोह होईल. ओव्हरलोड, कमी व्होल्टेज आणि तापमान यांना ते चालतं, ओव्हरव्होल्टेजला नाही. आणि जिथे सप्लाय आपोआप उठतो, तिथे २४ व्होल्ट परत आल्यावर मशीन आपोआप हलत नाही ना, हे आधी तपासा. प्रेस असेल, तर सप्लायचं काम हातात घेण्याच्याही आधी. आयईसी ६०२०४-१ हेच मागतं: वीज परतल्यावर धोका होणार असेल, तर ऑपरेटरने स्टार्ट बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू होता कामा नये. म्हणजे कंट्रोल सर्किटमध्ये स्वतःला धरून ठेवणारा रिले हवा, जो २४ व्होल्ट गेल्यावर सुटतो आणि बटणानेच परत लागतो.